दात भरताना : चांदी, सिमेंट की पांढरे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात तंजावर येथे सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





समोर बाप्पा विराजमान आहेत. त्यांचे एक नाव एकदंत. बाप्पांना एका दातावर मोदकांचे ताट संपवता येते. आपल्याला देवाने बत्तीस दिले, तरी मोदक डावीकडूनच चावायचा की उजवीकडून, हा विचार आधी करावा लागतो. त्यातून आपण तंजावरकर! घरी मोदक, शेजारच्या घरून कोळुक्कट्टै, आणि दिवसातून तीन वेळा डवरा-टंबलरमधली गोड फिल्टर कॉफी. गूळ आणि साखर दातांच्या फटीत कायमची वस्तीला असते म्हणा ना!

मंडळाने मला ‘रेल्वेतील अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितले होते. मी विषय बदलून मागितला, ‘दात भरण्याचे निरनिराळे मसाले’. सेक्रेटरीसाहेब जरा चपापले. पर्मनंट वेचा इंजिनिअर, तोही डिप्लोमावाला, तो दातांवर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी डॉक्टर नाही. पण माझी एक दाढ गेली आहे, आणि माझ्या एका शब्दामुळे दुसऱ्या एका माणसाचीही एक दाढ गेली. त्यानंतर हा विषय मी डॉक्टरांना विचारून, वाचून, नोकरीतल्या हिशोबी नजरेने समजून घेतला. आज जे सांगणार आहे ते आमच्या दंतवैद्य डॉक्टरबाईंनी आधी वाचले, तीन ठिकाणी लाल खुणा केल्या आणि मग ‘बोला’ म्हणाल्या.

प्रथम माझी गोष्ट सांगतो.

१९९८ साली मी बारावीत होतो. वडील साखर कारखान्यात कामाला. माझ्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्या, तेव्हा वडिलांनी गावच्या डॉक्टरांकडे नेऊन दोन्हीत चांदी भरून घेतली. डॉक्टरांनी छोट्या खलात पारा आणि पूड घोटली होती, ते मला अजून आठवते. पुढे डिप्लोमा झाला, रेल्वेची परीक्षा झाली, तामिळनाडूत पोस्टिंग झाले. अठरा वर्षे त्या दाढांनी कुरकुर केली नाही. २०१६ साली मेहुण्याच्या लग्नात फोटो काढताना कोणीतरी म्हणाले, ‘‘भावजी, हसताना दाढ काळी दिसते हो! आणि चांदीत पारा असतो, विष आहे ते.’’ झाले! परत आल्यावर मी एका दवाखान्यात गेलो आणि उजवी चांदी काढून पांढरे भरा म्हणून सांगितले. संध्याकाळी मला ट्रॅफिक ब्लॉक होता. ‘‘अर्ध्या तासात उरका,’’ असे वर बजावले. खड्डा खोल होता, दोन दाढांच्या मधे हिरडीच्या खाली गेलेला. पण मी काही विचारले नाही, आणि सांगितले गेले असते तरी ऐकून घेतले नसते. अर्ध्या तासात काम झाले. दाढ मोत्यासारखी दिसू लागली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण ही फुशारकी मी आमच्या गँगमध्ये मिरवली. तिथे आमचा एक कीमॅन होता. रोज हातोडा आणि पाना घेऊन आपला सेक्शन पायी तपासणारा, निष्ठेने काम करणारा माणूस. पुढच्या वर्षी त्याच्या दाढेला भोक पडले. दवाखान्यात त्याला चांदी किंवा सिमेंट भरून देतो म्हणाले. तामिळमध्ये चांदीला वेळ्ळि म्हणतात आणि पांढऱ्याला वेळ्ळै. तो मला म्हणाला, ‘‘सार, वेळ्ळि विषम् ना? तुम्हीच सांगितले. मी पैसे साठवून वेळ्ळैच भरणार.’’ मी मान डोलावली. मुलीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर, पैसे साठायला आठ महिने लागले. तोवर भोकाचा खड्डा झाला, खड्ड्याखाली पू झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात दाढ काढावी लागली. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत वाचली असती ती दाढ!

त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला गज वादळ आले. ते दिवस तुम्हा सर्वांना आठवत असतील. आम्ही रुळांवर पडलेली झाडे हलवत होतो आणि माझी उजवी दाढ ठणकत होती. पांढऱ्याच्या कडेने आत पाणी मुरले होते, खालून कीड पुन्हा लागली होती आणि उरलेल्या दाढेला चीर गेली होती. पाच दिवस वेदनाशामक गोळ्यांवर काढले. गाल धरून उभा राहिलेला मला पाहून तो कीमॅन जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘‘वेळ्ळैयुमा, सार?’’ म्हणजे, ‘‘पांढरेसुद्धा का, साहेब?’’

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दाढ काढल्यावर मी ते शोधायला लागलो. आजचे भाषण हे ते उत्तर आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. दात किडतो म्हणजे काय? आपण खाल्लेली साखर तोंडातले जंतू खातात आणि आम्ल सोडतात. आम्लता साडेपाच पीएचच्या खाली गेली की दाताचे वरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते विरघळू लागते. लाळ ते पुन्हा भरून काढण्याचा प्रयत्न करते. आपण दर तासाला काही गोड तोंडात टाकले तर लाळेला सवड मिळत नाही आणि शेवटी खड्डा पडतो. डॉक्टर किडलेला भाग काढतात आणि खड्डा बुजवतात. बुजवण्याच्या मसाल्याकडून अपेक्षा चार. चावण्याचा भार सोसावा, दाताला घट्ट धरून राहावे, कडेने पाणी आत जाऊ देऊ नये, आणि गरम-थंडाने दातापेक्षा फार वेगळे फुगू-आकसू नये. पाचवी अपेक्षा आपली, दिसायला बरे दिसावे!

पहिला मसाला चांदी, म्हणजेच अमालगम. नाव चांदीचे, पण वजनाने साधारण निम्मा असतो पारा. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबे. पारा चांदी-सोन्याला कसा धरतो, हे विटा-खानापूर-आटपाडीकडून येऊन दक्षिणेत गलाईचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बांधवांना मी सांगण्याची गरज नाही. चीनमध्ये इसवी सन ६५९ च्या औषधी ग्रंथात अशा चांदीच्या लगद्याचा उल्लेख आहे. युरोपात १८२६ साली पॅरिसच्या तावो यांनी चांदीच्या नाण्यांचा कीस आणि पारा एकत्र करून दात भरले. अमेरिकेत यावरून दंतवैद्यांत इतके भांडण पेटले की १८४५ साली तिथल्या संघटनेने आपल्या सभासदांकडून ‘अमालगम वापरणार नाही’ अशी लेखी शपथ घेतली! पुढे १८९५ च्या सुमारास डॉ. ब्लॅक यांनी धातूंचे प्रमाण नीट बसवले, आणि १९६० नंतर तांबे वाढवलेले जास्त टिकाऊ मिश्रण आले.

अमालगमचे गुण असे. भार उत्तम सोसते. भरताना थोडा ओलावा असला तरी चालवून घेते. खर्च कमी. आणि एक मोठी गंमत आहे. सुरुवातीला त्याच्या कडेला बारीक फट असते, पण काळ जाईल तसा धातू किंचित गंजतो आणि तो गंजच फट बुजवतो. आम्ही रेल्वेवाले जन्मभर गंजाशी भांडतो, इथे गंज कामाला येतो!

दोष असे. दिसायला काळपट. दाताला ते चिकटत नाही, नुसते अडकून बसते. म्हणून खड्डा मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद करावा लागतो. त्यात थोडा चांगला दातही कोरला जातो. पूर्ण घट्ट व्हायला एक दिवस लागतो. धातू असल्यामुळे गरम-थंड आतपर्यंत पोचते. आणि पारा. त्याविषयी पुढे बोलतो.

दुसरा मसाला पांढरे, म्हणजे कॉम्पोझिट. यात एक राळ असते आणि तिच्यात काचेसारखी बारीक पूड मिसळलेली असते. याच्या मागे दोन शोध आहेत. १९५५ साली अमेरिकेत डॉ. ब्युओनोकोर यांनी पाहिले की कारखान्यांत रंग धातूला नीट धरावा म्हणून पत्र्याला आधी फॉस्फरिक आम्ल लावतात. त्यांनी तेच दातावर करून पाहिले. आम्लाने एनॅमल सूक्ष्म खडबडीत होते आणि राळ त्यात मुळे रोवल्यासारखी धरून बसते. पुढे १९६२ साली डॉ. बोवेन यांनी त्यासाठी मजबूत राळ शोधली. आज डॉक्टर निळा दिवा धरतात तो ही राळ कडक करण्यासाठी.

गुण असे. दाताच्या रंगात मिसळते, दाताला चिकटते, त्यामुळे किडलेलेच तेवढे काढावे लागते. दवाखान्यातून बाहेर पडताच चावता येते. समोरच्या दातांना याला तोड नाही.

दोष समजण्यासाठी आमच्या ग्लूड जॉइंटचे उदाहरण देतो. सिग्नलच्या सर्किटसाठी जिथे रुळातली वीज अडवायची असते, तिथे दोन रूळ विशिष्ट चिकट द्रव्याने जोडतात. तो जोड जबरदस्त असतो. पण रुळाचा पृष्ठभाग लखलखीत घासलेला आणि ठणठणीत कोरडा असेल तरच. थोडा ओलावा राहिला की सगळे मुसळ केरात! कॉम्पोझिटचे अगदी तसेच. लाळेचा एक थेंब किंवा हिरडीतले रक्त आले की पकड गेली. म्हणून चांगले डॉक्टर दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. शिवाय ही राळ कडक होताना साधारण दोन-तीन टक्के आकसते. ती कडेपासून सुटू नये म्हणून सुमारे दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन प्रत्येक थराला वेगळा प्रकाश द्यावा लागतो. याला वेळ लागतो, म्हणून पैसे जास्त पडतात. आता सांगा, हिरडीखालच्या ओल्या खड्ड्यात ‘अर्ध्या तासात उरका’ म्हणणाऱ्या माणसाची दाढ कशी टिकणार?

तिसरा मसाला सिमेंट, म्हणजे ग्लास आयोनोमर. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट या दोघांनी १९६९ साली तो तयार केला. विशिष्ट काचेची पूड आणि आम्लाचे द्रावण कालवले की ते घट्ट होते. दातातल्या कॅल्शियमशी त्याची रासायनिक गाठ पडते, त्यामुळे वेगळा डिंक लागत नाही. किंचित ओलावा चालतो. वर ते हळूहळू फ्लोराइड सोडत राहते. टांझानियात १९८० च्या दशकात वीज आणि ड्रिल यांच्याशिवाय, नुसत्या हातातल्या उपकरणांनी कीड काढून दात भरण्याची पद्धत रुजली आणि पुढे ती याच सिमेंटच्या भरवशावर पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ च्या आरोग्य दिनी ती पद्धत जगापुढे मांडली.

दोष असा की मोठ्या भाराला ते कच्चे पडते. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर, विशेषतः दोन दाढांमधल्या मोठ्या खड्ड्यात, ते झिजते किंवा तुटते. पहिला दिवसभर त्याला पाणीही जपावे लागते, म्हणून डॉक्टर वर वार्निश किंवा व्हॅसलीन लावतात.

चौथे सोने. तंजावरी चित्रांवर सोन्याचा वर्ख चढवणारे कारागीर आपल्या शेजारी आहेत. तसाच शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा ठोकून ठोकून दातात बसवीत असत. १८५५ साली रॉबर्ट आर्थर यांनी दाखवले की पत्रा तापवून स्वच्छ केला तर तो ठोकताच स्वतःशी जोडला जातो. आमच्या भाषेत थंड वेल्डिंग! टिकायला उत्तम, पण कौशल्य, वेळ आणि आजचा सोन्याचा भाव पाहता याला दुरूनच नमस्कार केलेला बरा.

आता तुलना करू. ती करताना मला सर्वांत मोठा आनंद झाला एका आकड्याने. रुळाचे पोलाद एक अंश तापले की दर मीटरला ११.५ मायक्रॉन वाढते. तेरा मीटरचा रूळ चाळीस अंशांनी तापला तर जवळजवळ सहा मिलिमीटर वाढतो. म्हणून तर आम्ही जोडात फट ठेवतो. दाताच्या एनॅमलचा हाच आकडा किती असेल? साधारण ११.४! देवाने दात आणि टाटांनी रूळ एकाच मापाने केले की काय, असे वाटले. सिमेंटचा आकडा दहा-अकराच्या आसपास, म्हणजे दाताशी जुळणारा. अमालगमचा सुमारे २५. कॉम्पोझिटचा प्रकारानुसार २५ ते ६०.

याचा अर्थ काय? समजा चार मिलिमीटरचे पांढरे भरले आहे आणि त्याचा आकडा पस्तीस धरला. पायसमनंतर आइस्क्रीम आणि त्यावर गरम कॉफी घेतली. आत पोचणारा फरक वीसच अंश धरू. तरी दात आणि भराव यांच्या वाढीत सुमारे दोन मायक्रॉनचा फरक पडतो. जंतू असतो एक मायक्रॉनचा किंवा त्याहून लहान. पकड उत्तम असेल तर ती हा ताण सोसते. पकड ढिली असेल तर प्रत्येक कपाबरोबर फट उघडते आणि मिटते, आणि जंतूंना जणू लेव्हल क्रॉसिंगचे फाटकच उघडे मिळते.

टिकण्याचे म्हणाल तर दाढांमधल्या भरावांवर झालेल्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली अहवाल दिला. त्यात पांढरे निकामी होण्याचा धोका चांदीच्या जवळजवळ दुप्पट आढळला. मात्र हे पुरावे फार पक्के नाहीत, असेही त्यांनीच लिहिले आहे. ज्या चाचण्यांवरून हे ठरले, त्यानंतर मसाले सुधारले आहेत. नीट कोरड्या जागेत, कुशल हाताने भरलेले पांढरे दहा वर्षे आणि त्याहूनही जास्त टिकते.

आता पाऱ्याचा प्रश्न. भीती अगदीच निराधार नाही. जपानच्या मिनामाता खाडीत कारखान्याचा पारा माशांत उतरला आणि माणसे अपंग झाली. १९५६ साली तो आजार नोंदला गेला. आपल्या तामिळनाडूतही पाऱ्याच्या प्रदूषणावरून कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ साली बंद झाला. पण दाढेतल्या चांदीची गोष्ट वेगळी आहे. त्यातून वाफ सुटते, पण अतिशय थोडी. २००६ साली अमेरिकेतल्या ५३४ आणि पोर्तुगालमधल्या ५०७ मुलांवरचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना चांदी, निम्म्यांना पांढरे भरून कित्येक वर्षे तपासले. बुद्धी, स्मरणशक्ती, मज्जासंस्था यांत चांदीने अपाय झाल्याचे आढळले नाही.

उलट वाफ सर्वांत जास्त सुटते ती भरताना आणि काढताना. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली सांगितले की गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे आजार असणारे अशांनी नवीन चांदी शक्यतो टाळावी, पण सुस्थितीतली जुनी चांदी उगीच काढू नये. मी नेमके उलटे केले होते! मजा पाहा, माझी डावी चांदी काढायची राहून गेली होती. ती १९९८ पासून आजही शाबूत आहे आणि आता सगळे चावणे तिच्यावरच चालते.

तरीही चांदीचे दिवस भरत आले आहेत, हे खरे. मिनामाताच्या नावाने झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१७ साली लागू झाला. भारत २०१८ साली त्यात सामील झाला. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून अमालगम बंद केले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत २०३४ पर्यंत सर्व देशांनी ते थांबवावे असे ठरले. मात्र याचे मुख्य कारण असे की दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि कचऱ्यातून गेलेला पारा शेवटी पाण्यात आणि माशांत पोचतो. चांदी तोंडात नापास झाली म्हणून ती जात नाही. तोंडाबाहेरच्या पाऱ्यापायी जाते आहे. हा फरक लक्षात ठेवला तर उगीच घाबरायला होत नाही.

मग चांगले कोणते? मित्रहो, मी इतकी वर्षे रेल्वेत आहे. कोणी विचारले, ‘‘साहेब, सर्वांत चांगला जोड कोणता?’’ तर मी काय सांगेन? लांब रुळांत थर्मिट वेल्डिंग, वीज अडवायची तिथे ग्लूड जॉइंट, आणि अजूनही काही ठिकाणी साधी फिशप्लेट. जागा पाहून जोड. चुकीच्या जागी महागडा जोड घातला तर गाडी घसरते. दातांचेही तेच.

आमच्या घरातलेच पाहा. सौभाग्यवतींचा समोरचा दात नारळ सोलताना थोडा तुटला; तिथे पांढरे. आईचे वय सत्तरीच्या पुढे. हिरडी खाली गेली आणि दाताच्या मुळाशी कीड लागली. ओली जागा, भार नाही, तिथे सिमेंट. आठ वर्षांच्या मुलीची पहिली कायमची दाढ अजून अर्धी हिरडीत आहे. तिथे कोरडे ठेवणे अशक्य, आणि ती पाच मिनिटे तोंड उघडून बसेल तर शपथ! डॉक्टरबाईंनी सध्या सिमेंट भरले. दाढ पूर्ण वर आली की पांढरे करू म्हणाल्या. एका घरात तीन तोंडे आणि तिघांचा मसाला डॉक्टरबाईंनी वेगवेगळ्या कारणांनी ठरवला.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर ‘चांदी की पांढरे’ हा प्रश्न आधी विचारू नका. हे विचारा: खड्डा किती मोठा आहे आणि हिरडीच्या वर की खाली? जागा कोरडी ठेवता येईल का? दाताची किती भिंत शिल्लक आहे? हा भराव किती वर्षांनी तपासायचा? आणि घाईत जाऊ नका. आम्ही गाडीसाठी ब्लॉक घेतो, दाढेसाठीही एक तासाचा ब्लॉक घ्या.

दुसरी गोष्ट. थर्मिट वेल्ड केला की आम्ही रुळावर त्याचा क्रमांक, महिना, वर्ष आणि वेल्डरचा कोड रंगवतो आणि रजिस्टरला नोंद करतो. आपल्या दाढेत काय भरले आहे आणि कोणत्या साली, हे इथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल? या आपल्याच गावात सरफोजीराजांनी दोनशे वर्षांपूर्वी धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या. त्या सरस्वती महालात आजही जपलेल्या आहेत. राजाने परक्याच्या डोळ्याची नोंद ठेवली, आपण स्वतःच्या दाताची ठेवू नये? एक पानाचा कागद पुरे. दात कोणता, तारीख, मसाला. पुढच्या डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आज भरलेले साधे सिमेंट हे आठ महिन्यांनी भरायच्या उत्तम पांढऱ्यापेक्षा केव्हाही चांगले. आमच्या त्या कीमॅनला कोणत्या मसाल्याने दगा दिला नाही, थांबण्याने दिला. आणि तो माझ्या शब्दावर थांबला होता. साहेबाने सांगितले म्हणजे खरे असणार, असे त्याला वाटले. आपण इथे परमुलखात राहतो. घरात आजारपण आले की आधी एकमेकांना विचारतो. ही आपली ताकद आहे. पण म्हणूनच आपला शब्द जपून खर्च करायला हवा. ‘मी असे केले’ एवढे सांगा आणि पुढे जोडा, ‘तुम्ही डॉक्टरांना विचारा.’

तो आता निवृत्त झाला आहे. मागच्या वर्षी त्याच्या दुसऱ्या दाढेला बारीक भोक पडले, तेव्हा त्याने मला फोन केला, ‘‘सार, वेळ्ळिया, वेळ्ळैया?’’ मी म्हणालो, ‘‘आजच जा आणि डॉक्टर म्हणतील ते भर.’’ तो त्याच दिवशी गेला. काय भरले ते मी विचारले नाही; पण तारीख लिहून ठेवायला मात्र सांगितले.

 प्रसादाचा मोदक जरूर घ्या, आणि नंतर चूळ भरायला विसरू नका!

गणपती बाप्पा मोरया!